विश्लेषण : संकेतस्थळावर नेमके आले कोण? उत्तर काउंटरमध्ये नाही, लॉगमध्ये!

करमाळा तालुक्यातले जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे स्थानक. करमाळा शहराला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही, त्यामुळे तालुक्याची रेल्वेशी गाठ पडते ती जेऊरला. उजनी जलाशयाच्या पाण्यावर या भागात ऊस आणि केळी वाढली, आणि केळी आखाती देशांपर्यंत जाऊ लागली. व्यापार गावाबाहेर गेला की ओळखही गावाबाहेर लागते. म्हणून आज केळी व्यापारी, शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था, शाळा, मंगल कार्यालये अशा अनेकांनी स्वतःचे छोटेसे संकेतस्थळ करून घेतले आहे.

अशा संकेतस्थळाच्या तळाशी बऱ्याचदा एक आकडा फिरत असतो : ‘आतापर्यंतचे अभ्यागत ४८,३१२’. संचालकांच्या बैठकीत तो अभिमानाने सांगितला जातो. पण या ४८ हजारांत गिऱ्हाईक किती, घरचीच माणसे किती आणि माणूस नसलेलेच किती, हे तो आकडा सांगत नाही. आणि एखाद्या सकाळी संकेतस्थळावर केळीऐवजी सट्ट्याच्या जाहिराती दिसू लागल्या, तर रात्री कोण शिरले हेही तो सांगत नाही. हे सांगणारी नोंदवही वेगळी असते. ती प्रत्येक संकेतस्थळाला मिळते, बहुतेकदा तिचे वेगळे पैसेही लागत नाहीत. पण अनेक मालकांनी ती कधी उघडलेली नसते. शिवाय जपून ठेवली नाही तर ती आपोआप पुसली जाते.

लॉग म्हणजे नेमके काय?

तुमचे संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात आणि ती जागा भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग. कोणी तुमचे पान उघडले की त्याचा फोन सर्व्हरकडे मागणी करतो : हे पान द्या, हा फोटो द्या. सर्व्हर ती वस्तू देतो आणि त्याच वेळी एका साध्या मजकूर फाइलमध्ये एक ओळ लिहितो. या फाइलला ‘ॲक्सेस लॉग’ म्हणतात. ग्रामपंचायतीच्या आवक-जावक नोंदवहीत जसे कोण आले, कधी आले, काय मागितले आणि काय दिले हे लिहिले जाते, तसेच हे. फरक इतकाच की इथला कारकून यंत्र आहे, तो एकही नोंद गाळत नाही.

नोंदीची ही पद्धत वेबइतकीच जुनी आहे. नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या सर्व्हरनी जी मांडणी ठरवली, तीच १९९५ मध्ये आलेल्या ‘अपाची’ या सर्व्हरने पुढे नेली. आजही बहुतेक होस्टिंगवर थोड्याफार फरकाने तीच वापरात आहे. त्यामुळे एकदा ओळ वाचता आली की कंपनी बदलली तरी अडत नाही.

ही नोंदवही पाहायची कुठे?

होस्टिंग घेतल्यावर कंपनी एक नियंत्रण पटल देते. त्याला ‘कंट्रोल पॅनेल’ म्हणतात. भारतात भाड्याच्या होस्टिंगवर सर्रास दिसणारे पॅनेल म्हणजे ‘सीपॅनेल’. ‘प्लेस्क’ आणि ‘डायरेक्टॲडमिन’ ही त्याची भावंडे, आणि काही कंपन्यांचे स्वतःचे पॅनेल असते. नावे थोडी बदलतात, सोयी त्याच असतात.

सीपॅनेलमध्ये प्रवेश केला की ‘मेट्रिक्स’ नावाचा विभाग दिसतो. फोनवर तो शोधायला थोडे खाली जावे लागते. वरच्या शोधचौकटीत नाव टाकले तरी चालते. या विभागात साधारण पुढील गोष्टी असतात. होस्टिंग कंपनीने त्यातली एखादी बंद ठेवलेली असू शकते.

‘व्हिजिटर्स’ : अलीकडच्या नोंदी इथे तक्त्यात दिसतात, जास्तीत जास्त एक हजार. रोजच्या नजरेसाठी हे पुरेसे आहे.

‘एरर्स’ : सर्व्हरला आलेल्या ताज्या अडचणी. पान उघडत नाही अशी तक्रार आली की आधी इथे पाहावे.

‘बँडविड्थ’ : किती माहिती ये-जा झाली याचा आलेख. एरवी सपाट असलेली रेषा अचानक उंच गेली, तर कारण शोधायला हवे.

‘रॉ ॲक्सेस’ : मूळ लॉग फाइल इथून उतरवून घेता येते. ती दाबून लहान केलेली असते. संगणकावर उघडून साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते.

‘एडब्ल्यूस्टॅट्स’ आणि ‘वेबलायझर’ : हे दोन कार्यक्रम त्याच लॉगवरून महिन्याचे तक्ते आणि आलेख तयार करतात.

इथे एक गोम आहे. सीपॅनेल अनेकदा एकाच संकेतस्थळाच्या दोन नोंदी दाखवते. एक साधी आणि दुसरी ‘एसएसएल’ लिहिलेली, म्हणजे कुलपाचे चिन्ह असलेल्या सुरक्षित जोडणीची. आता जवळपास सगळी वर्दळ सुरक्षित जोडणीवरून होते. साध्या नोंदीचे भिंग दाबून ‘आपल्याकडे तर कोणीच येत नाही’ असे म्हणणाऱ्याने दुसरे भिंगही दाबून पाहावे.

एक ओळ कशी वाचायची?

समजा, केळीच्या भावाचे पान कोणी उघडले. लॉगमध्ये उमटणारी ओळ देवनागरीत लिहिली तर साधारण अशी दिसेल :

२०३.०.११३.४५ – [१४/जून/२०२५:०९:१२:३१ +०५३०] ‘गेट /केळी-भाव’ २०० १८४३२ ‘गूगल’ ‘अँड्रॉइड १०, के … क्रोम’

पहिला आकडा म्हणजे आयपी पत्ता, म्हणजे मागणी कोणत्या जोडणीवरून आली ते. (हा पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या संचातला आहे, तो कोणा व्यक्तीचा नाही.) पुढे कंसात तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ. ‘गेट’ म्हणजे पान मागितले. त्या जागी ‘पोस्ट’ असेल तर समोरच्याने काहीतरी भरून पाठवले, उदाहरणार्थ चौकशीचा अर्ज किंवा पासवर्ड.

त्यानंतरचा तीन अंकी आकडा महत्त्वाचा. तो सर्व्हरचे उत्तर आहे. २०० म्हणजे मागितले ते दिले. ३०१ म्हणजे पान दुसरीकडे हलवले आहे, तिकडे जा. ३०४ म्हणजे तुझ्याकडे आहे तेच ताजे आहे, पुन्हा द्यायची गरज नाही. ४०३ म्हणजे परवानगी नाही. ४०४ म्हणजे असे पान इथे नाही. ५०० पासून पुढचे आकडे म्हणजे चूक आमच्याकडे, सर्व्हरकडे आहे. भाड्याच्या होस्टिंगवर काही वेळा ५०८ दिसतो. त्याचा अर्थ तुमच्या वाट्याची ताकद संपली.

पुढचा १८४३२ हा दिलेल्या माहितीचा आकार, बाइटमध्ये. त्यानंतर ‘रेफरर’, म्हणजे पाहुणा कोणत्या वाटेने आला. इथे तो गूगलवरून आलेला दिसतो. शेवटी ‘यूझर एजंट’, म्हणजे त्याने वापरलेला ब्राउझर.

या शेवटच्या रकान्यावरून फार निष्कर्ष काढू नयेत. २०२३ पासून अँड्रॉइडवरचा क्रोम सर्वच फोनसाठी ‘अँड्रॉइड १०, के’ असा एकच साचा पाठवतो. फोन दहा हजारांचा असो वा लाखाचा, लॉगमध्ये दोघांची नोंद सारखीच दिसते. माणसाचा माग काढणे अवघड व्हावे यासाठीच हा बदल झाला.

‘लाख हिट्स’ म्हणजे लाख माणसे का?

नाही. इथेच सर्वाधिक फसगत होते. एका पानावर केळीचे ३० फोटो असतील, तर ते पान एकदा उघडल्यावर लॉगमध्ये ३१ किंवा त्याहून अधिक ओळी पडतात : एक पानाची, तीस फोटोंच्या, शिवाय रचनेच्या फाइलींच्या. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक ‘हिट’. म्हणजे लाख हिट्समागे प्रत्यक्षात तीन हजार पाने, आणि ती पाने उघडणारी माणसे काहीशेच असू शकतात. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने हिट्सचा आकडा पुढे केला, तर ‘पाने किती, भेटी किती आणि वेगवेगळे अभ्यागत किती’ हे तीन प्रश्न विचारावेत.

‘भेट’ या शब्दाची व्याख्याही प्रत्येक साधनाची वेगळी. एडब्ल्यूस्टॅट्समध्ये एखाद्या पाहुण्याने तासभर काहीच मागितले नाही आणि नंतर पुन्हा आला, तर नवी भेट धरली जाते. वेबलायझरमध्ये हीच मर्यादा एरवी अर्ध्या तासाची असते. त्यामुळे त्याच लॉगवरून, त्याच महिन्याचे दोन आकडे वेगळे येतात. दोन्ही खरे असतात, फक्त मोजमाप वेगळे. म्हणून तुलना करायची तर कायम एकाच साधनाच्या आकड्यांची करावी : या महिन्याची मागच्या महिन्याशी.

गूगल ॲनालिटिक्सचा आकडा याहून वेगळा आणि सहसा कमी येतो. ते पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये चालते. जाहिराती अडवणारे ब्राउझर त्याला रोखतात आणि बहुतेक यंत्रे ते चालवतच नाहीत. लॉग मात्र सर्व्हरवर लिहिला जात असल्याने त्यात सगळेच सापडतात. ग्राहकांचा कल ॲनालिटिक्समध्ये पाहावा, सुरक्षेचा हिशेब लॉगमध्ये.

संकेतस्थळ ‘क्लाउडफ्लेअर’सारख्या मध्यस्थ सेवेमागे असेल तर आणखी दोन गोष्टी होतात. काही पाने मध्यस्थच परस्पर देऊन टाकतो, त्यामुळे ती लॉगमध्ये येतच नाहीत. आणि वेगळी व्यवस्था केली नसेल, तर आलेल्या नोंदींत पाहुण्याऐवजी मध्यस्थाचा आयपी पत्ता दिसतो.

यातली माणसे किती आणि यंत्रे किती?

‘इम्पर्व्हा’ या सायबर सुरक्षा कंपनीच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील वेब वाहतुकीपैकी ५१ टक्के वाहतूक स्वयंचलित यंत्रांची, म्हणजे ‘बॉट्स’ची होती. दशकभरात प्रथमच यंत्रे माणसांच्या पुढे गेली. त्यातही एकूण वाहतुकीच्या ३७ टक्के वाटा उपद्रवी बॉट्सचा होता. छोट्या संकेतस्थळावर माणसेच कमी येतात, त्यामुळे तिथे यंत्रांचा वाटा आणखी डोळ्यांत भरतो.

सगळी यंत्रे वाईट नसतात. ‘गूगलबॉट’ आणि ‘बिंगबॉट’ तुमची पाने वाचून जातात, म्हणूनच ती शोधात सापडतात. ‘जीपीटीबॉट’, ‘क्लॉडबॉट’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांची यंत्रे. ही आपले नाव यूझर एजंटमध्ये सांगतात. मात्र नाव कोणीही सांगू शकतो. खरा गूगलबॉट ओळखायचा तर त्याचा आयपी पत्ता गूगलच्याच नावावर आहे का, हे तपासावे लागते. गूगलनेही हीच पद्धत सांगितली आहे.

एक ओळ मात्र आपल्याकडे विशेष उपयोगी आहे. यूझर एजंटमध्ये ‘व्हॉट्सॲप’ असे नाव दिसले, तर तो वाचक नसतो. कोणीतरी व्हॉट्सॲपवर तुमची लिंक टाकत असताना खाली छोटे चित्र आणि शीर्षक उमटते ना, ते आणण्यासाठी ॲपने टाकलेली ती फेरी असते. म्हणजे अशी ओळ दिसली की समजावे, लिंक कुठेतरी पुढे जाते आहे. त्यानंतर त्या लिंकवरून येणाऱ्यांचा रेफरर रकाना मात्र सहसा रिकामा असतो. क्यूआर कोड स्कॅन करून आलेल्यांचेही तसेच. केळीच्या खोक्यावर छापलेल्या कोडवरून किती जण आले हे कळायला हवे असेल, तर त्या कोडसाठी वेगळा पत्ता ठेवावा. मग लॉगमध्ये तेवढ्याच ओळी मोजता येतात.

जेऊरचा फोन मुंबईत का दिसतो?

एडब्ल्यूस्टॅट्ससारखी साधने आयपी पत्त्यावरून देशाचा अंदाज देतात, काही साधने शहरही सांगतात. देश बहुतेकदा बरोबर असतो. दुबई किंवा मस्कतकडून कोणी पान पाहते आहे का, हे केळी निर्यातदाराला यावरून साधारण कळू शकते. पण शहराच्या नावावर भिस्त ठेवू नये. मोबाइल कंपन्यांची वाहतूक मोठ्या शहरांतल्या केंद्रांतून बाहेर पडते. त्यामुळे जेऊरच्या चौकात बसून उघडलेले पान लॉगमध्ये मुंबईचे किंवा पुण्याचे दिसू शकते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे चार आकड्यांचे आयपी पत्ते जगात अपुरे पडले. म्हणून मोबाइल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटून देतात. नव्या पद्धतीचे, लांबलचक आणि मध्ये विसर्गचिन्हे असलेले पत्ते आता बऱ्याच फोनना मिळतात. पण होस्टिंगवर ती सोय नसेल तर फोनला जुन्याच वाटेने यावे लागते. थोडक्यात, एक आयपी पत्ता म्हणजे एक माणूस नव्हे. एका पत्त्यावरून पन्नास ओळी आल्या तर तो एकच उतावळा ग्राहक असेल किंवा पन्नास वेगळे शेतकरीही असतील. ‘हा आयपी अमक्याचाच’ असे गावात बोलून मोकळे होणे म्हणूनच धोक्याचे आहे. कोणत्या ग्राहकाला तो पत्ता कोणत्या क्षणी दिला होता, हे फक्त दूरसंचार कंपनी सांगू शकते, आणि तेही कायदेशीर मागणीनंतरच.

धोक्याची खूण कशी ओळखायची?

लॉगमध्ये चोराची पावले बऱ्याचदा आधीच उमटलेली असतात. काही ठळक खुणा अशा :

प्रवेशाच्या पानावर भडिमार. ‘वर्डप्रेस’वर बनवलेल्या संकेतस्थळात ‘डब्ल्यूपी-लॉगिन’ आणि ‘एक्सएमएल-आरपीसी’ या दोन पत्त्यांवर मिनिटाला डझनावारी ‘पोस्ट’ मागण्या दिसल्या, तर कोणीतरी पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करत आहे. तुमचे संकेतस्थळ वर्डप्रेसचे नसेल तर या ओळींचे उत्तर ४०४ असते. दार नसलेल्या भिंतीवर ती थाप असते, घाबरायचे कारण नाही.

नसलेल्या फाइलींची चाचपणी. एकाच पत्त्यावरून ओळीने शेकडो ४०४, आणि मागणी ‘बॅकअप’, ‘कॉन्फिग’, ‘एन्व्ह’ अशा नावांच्या फाइलींची. कोणी पासवर्ड असलेली फाइल उघड्यावर ठेवली आहे का, हे शोधणारे हे यंत्र असते. या यादीत एखाद्या ओळीपुढे २०० दिसला तर मात्र त्याच क्षणी जागे व्हावे. ती फाइल त्याला मिळालेली असू शकते.

अनोळखी पाने. तुम्ही कधीही न बनवलेल्या पानांना २०० मिळते आहे आणि गूगलवरून लोक थेट तिथे उतरत आहेत, असे दिसले तर संकेतस्थळात कोणी स्वतःची पाने घुसवली आहेत. २०२४ मध्ये देशातील अनेक सरकारी संकेतस्थळांवर सट्टेबाजीच्या जाहिराती घुसवल्याचे उघड झाले. मालकाने मुखपृष्ठ उघडले तर सगळे नीट दिसते. घुसवलेली पाने फक्त शोधयंत्राला आणि लॉगला दिसतात.

फोटोची उचल. फक्त तुमच्या फोटोंच्या मागण्या आणि रेफरर भलत्याच संकेतस्थळाचा. म्हणजे दुसरा कोणी तुमचा फोटो तुमच्याच सर्व्हरवरून दाखवतो आहे आणि वाहतुकीचा भार तुमच्यावर पडतो आहे. सीपॅनेलमध्ये यासाठी ‘हॉटलिंक प्रोटेक्शन’ आहे.

प्रत्येक उसळी हल्ला नसते, हेही लक्षात ठेवावे. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल जाहीर झाला, तेव्हा सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांचा निकाल पाहण्यासाठी झुंबड उडाली आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. पान उघडले नाही की माणूस पुन्हा पुन्हा दाबतो आणि प्रत्येक दाबणे ही सर्व्हरवर नवी मागणी असते. शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या छोट्या संकेतस्थळावर निकालाच्या, भरतीच्या दिवशी लहान प्रमाणात हेच घडते. अशा वेळी लॉगमध्ये वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकाच पानाच्या मागण्या दिसतात. हल्ल्यात बहुधा मोजके पत्ते आणि विचित्र मागण्या दिसतात.

त्रास देणारा पत्ता सीपॅनेलच्या ‘सिक्युरिटी’ विभागातील ‘आयपी ब्लॉकर’मधून अडवता येतो. पण तो भारतीय मोबाइल कंपनीचा असेल तर हात आखडता घ्यावा. एका उपद्रवीबरोबर त्याच पत्त्यामागचे खरे ग्राहकही बाहेर राहतील. त्यापेक्षा भक्कम पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि वेळच्या वेळी अपडेट हा उपाय जास्त टिकाऊ.

नोंद पुसली गेली तर?

हा या विषयातला कळीचा प्रश्न. ‘रॉ ॲक्सेस’ मधला लॉग कायमचा नसतो. आकडेवारीचे तक्ते तयार झाले की मूळ ओळी काढून टाकल्या जातात. हे काम सहसा रोज होते. ‘व्हिजिटर्स’ मध्ये दिसणाऱ्या हजार ओळी तर एका रात्रीच्या भडिमारातच भरून जातात. सोमवारी संकेतस्थळ बिघडल्याचे लक्षात आले आणि चोर गुरुवारी शिरला असेल, तर पाहायला काही उरलेले नसते.

उपाय मात्र दोन क्लिकचा आहे. ‘रॉ ॲक्सेस’ उघडल्यावर वरच दोन चौकटी दिसतात. पहिली, लॉग रोज तुमच्या खात्यात साठवून ठेवण्याची. तिथे खूण करावी. दुसरी, महिना संपला की मागच्या महिन्याचे साठवलेले लॉग काढून टाकण्याची. तिथली खूण काढावी. मग ‘सेव्ह’ दाबावे. दाबलेल्या फाइलींना जागा फार लागत नाही, तरी महिन्यातून एकदा त्या उतरवून वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. संकेतस्थळात शिरलेला चोर साठवलेले लॉगही पुसू शकतो.

हा केवळ शहाणपणाचा भाग नाही. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढीव मुदत दिली होती. ती कधीच संपली.

स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतो का?

नुसता स्क्रीनशॉट लंगडा पडतो. इलेक्ट्रॉनिक नोंदीबाबतचा देशातला महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणातून आला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, या वादात निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी. पण सर्व्हर दूरच्या शहरात, कधी परदेशात असतो. तो उचलून आणणार कसा?

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलीत एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. म्हणून घटना घडली की मूळ लॉग फाइल आहे तशी उतरवावी, तिच्यात काही खोडू किंवा रंगवू नये, वाचण्यासाठी वेगळी प्रत काढावी आणि होस्टिंग कंपनीला त्या काळातील नोंदी जपून ठेवण्याबाबत लेखी कळवावे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. पैसे गेले असतील तर आधी १९३० हा क्रमांक फिरवावा.

तक्रारीत वेळ लिहिताना लॉगमधले शेवटचे चिन्ह पाहावे. ‘+०५३०’ असेल तर ती भारतीय वेळ. ‘+००००’ असेल तर ती जागतिक प्रमाणवेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. १४ जूनच्या संध्याकाळी ७ ची नोंद म्हणजे आपल्याकडे १५ जूनच्या पहाटेचे, रात्री साडेबाराचे. हा फरक राहून गेला तर एकच आयपी पत्ता भलत्याच ग्राहकाच्या दारात पोलिसांना नेऊ शकतो.

लॉग इतरांना दाखवावा का?

शक्यतो नको. ‘बघा, आज कोण कोण आले’ म्हणून व्हिजिटर्सच्या यादीचा फोटो गटात टाकणे चुकीचे आहे. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्येच बदलता आयपी पत्ताही काही परिस्थितीत व्यक्तिगत माहिती ठरतो असा निकाल दिला. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. त्यात माहिती हाताळल्याच्या नोंदी वर्षभर ठेवण्याची अटही आहे. पतसंस्था किंवा शाळा सभासदांची, मुलांची माहिती संकेतस्थळावरून घेत असेल, तर जपणे आणि न पसरवणे या दोन्ही गोष्टी तिच्यावर येतात.

पॅनेलची किल्ली कोणाकडे आहे?

वरचे सगळे करायचे तर आधी पॅनेलमध्ये शिरता आले पाहिजे. छोट्या गावांत संकेतस्थळ बनवून देणारा बहुधा बाहेरच्या शहरातला असतो. डोमेन, होस्टिंग आणि पासवर्ड त्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर. दरवर्षी पैसे मालक भरतो, पण नोंदवहीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. त्याने फोन उचलणे बंद केले की संकेतस्थळही गेले आणि पुरावाही गेला.

म्हणून पुढचे नूतनीकरणाचे पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागून घ्याव्यात. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावावर असावी. होस्टिंग खात्याचा ईमेल संस्थेचा असावा, एखाद्या सचिवाचा खासगी नव्हे. सीपॅनेलचा प्रवेश मिळाला की पासवर्ड बदलून तो संस्थेच्या दप्तरी बंद लिफाफ्यात ठेवावा. त्यानंतर ‘रॉ ॲक्सेस’मधली साठवणीची चौकट भरावी. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे ‘व्हिजिटर्स’ आणि ‘एरर्स’ पाहावे : अनोळखी पान, अनोळखी ‘पोस्ट’, रात्रीची उसळी. महिनाअखेर एडब्ल्यूस्टॅट्समधला वेगवेगळ्या अभ्यागतांचा आकडा वहीत लिहावा आणि बैठकीत काउंटरऐवजी तो सांगावा.

तो आकडा काउंटरपेक्षा कितीतरी लहान असेल. पण दुबईचा खरेदीदार आला होता की नाही आणि रात्री दार कोणी ढकलले, याचा हिशेब त्याच्याच मागच्या ओळींत मिळेल.